चुकणारा डॉक्टर लिहायचा तर आधी नमुना ४ (मृत्यूच्या कारणाचा दाखला) वाचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्लॅक कॉमेडी, म्हणजे मरणासारख्या काळ्या विषयातून हसू काढणारी गोष्ट, लिहायला बसलेल्या माणसाला डॉक्टर हे पात्र खुणावते, यात नवल नाही. जन्म, मरण, पैसा, भीती आणि अधिकार, एवढे सगळे एका दारामागे दुसऱ्या कुठल्या व्यवसायात सापडणार? वैद्याला यमाचा सख्खा भाऊ म्हणणारे सुभाषित आपल्याकडे जुने आहे: यम नुसते प्राण नेतो, वैद्य प्राणही नेतो आणि धनही. अडचण अशी की त्या सुभाषितातला वैद्य अजूनही पटकथांमध्ये जसाच्या तसा येऊन बसतो. किडनी काढून विकणारा, दारू पिऊन ऑपरेशनला उभा राहणारा, मेलेल्या पेशंटचे बिल वाढवणारा. अशा पात्राचा पांढरा कोट उतरवून त्याला बिल्डर केले तरी गोष्टीचे काही बिघडत नाही, म्हणजे मुळात तो डॉक्टर नव्हताच. दोष डॉक्टरकीच्या आतून उचलला पाहिजे आणि त्याचा माग केसपेपरवर आणि देहावर काढता आला पाहिजे, तरच हसू येते आणि आलेले हसू घशात अडकते. हे पत्र तेवढ्यासाठीच.

आधी व्हेंटिलेटरचे बघू, कारण तो प्रसंग पुन्हा पुन्हा लिहिला जातो. पेशंट मेला, डॉक्टरने त्याला चार दिवस व्हेंटिलेटरवर ठेवले आणि पैसे उकळले. व्हेंटिलेटर फक्त हवा ढकलतो. हृदय थांबले असेल तर छाती वरखाली होत राहील, पण रक्त फिरणार नाही, आणि रक्त थांबले की देहाचे आपले वेळापत्रक सुरू होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट डाग दिसू लागतो. चार दिवसांचा प्रश्नच उरत नाही. लेखकाच्या मनात पुष्कळदा ब्रेन डेड पेशंट असतो. त्यात हृदय चालू असते आणि मेंदूचे काम कायमचे बंद पडलेले असते. पण ते ठरवायला १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. चार जणांनी मिळून खोटे बोलायचे ठरवले, अशी गोष्ट लिहायची तर खुशाल लिहावी. एकट्याच्या लोभाची गोष्ट त्यात मावत नाही.

आता एक दोष घेऊन तो शेवटपर्यंत चालवून बघू. या डॉक्टरला ‘गेले’ म्हणता येत नाही.

तालुक्याचे गाव. खाली दवाखाना, वर घर. बारा खाटा, त्यातल्या तीन आयसीयूच्या. डॉक्टर पन्नाशीचे, हाताला गुण असलेले. गावात त्यांना मान आहे तो त्यांच्या धीर देण्यामुळे. “काही होत नाही, मी आहे ना,” हे त्यांचे वाक्य, आणि त्या वाक्यावर माणसे खरोखर बरी झालेली आहेत. दोष असा गुणाच्याच पोटात वाढलेला असला की प्रेक्षक नायकाची साथ सोडत नाही. पैशाचा लोभ, बाई, बाटली हे दोष बाहेरून चिकटवल्यासारखे दिसतात. धीर देण्याची सवय मात्र तीस वर्षांत हाडीमासी खिळलेली असते, आणि एका रात्री तीच अंगाशी येते.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ७८ वर्षांचे आजोबा जातात. छाती दाबून झाली आहे: मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलून. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या यात मोडतात, त्याचा आवाज येतो, तो आवाज सिनेमात ठेवावा. अॅड्रेनलिनचे एक मिलिग्रॅम दर तीन ते पाच मिनिटांनी, म्हणजे वीस मिनिटांत साधारण पाच रिकामे अँप्युल (औषधाच्या छोट्या काचेच्या कुप्या) ट्रेमध्ये पडलेले हवेत. कला विभागाने ते मोजून ठेवावेत. नाडी नाही, छातीला स्टेथोस्कोप लावून काही ऐकू येत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या पसरलेल्या, टॉर्चला हलत नाहीत. ईसीजीची सरळ रेघ निघते आणि त्या पट्टीवर मशीन स्वतः वेळ छापते: २:१०. डॉक्टर पट्टी हातात घेऊन दार उघडतात. पॅसेजमध्ये तीस माणसे उभी आहेत. थोरली सून पुढे होते, म्हणते, “डॉक्टरसाहेब, धाकटे भाऊजी पुण्याहून निघालेत, सकाळी सातपर्यंत पोचतात.” आणि डॉक्टर म्हणतात, “प्रयत्न चालू आहेत.”

सिनेमा इथे सुरू होतो. या एका वाक्यानंतर लेखकाने नवीन काही शोधायचे नसते, दवाखाना आपोआप काय काय करतो ते फक्त क्रमाने लिहायचे.

मॉनिटरचा अलार्म बंद केला तरी साधारण एक-दोन मिनिटांनी तो पुन्हा वाजतो. म्हणजे कुणीतरी सकाळपर्यंत तिथे उभे राहून बटण दाबत राहिले पाहिजे. ते काम वॉर्डातल्या मामांकडे, म्हणजे वॉर्डबॉयकडे, येते. मॉनिटर बंद का करत नाहीत? कारण काचेतून नातेवाइकांना पडदा दिसतो आणि काळा पडदा सगळ्यांना कळतो. बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबवर आकडा येत नाही, आडव्या रेघा येतात, म्हणून चादर बोटावर ओढली जाते. दर तासाला बीपी, नाडी आणि लघवीचे प्रमाण लिहायचा तक्ता सिस्टरच्या हातात आहे. तीनच्या चौकटीत काय लिहायचे? काही लिहिले तर ते खोटे, कोरी ठेवली तर दिसते. चांगली सिस्टर तिथे पेन खाली ठेवते आणि तोंडाने काही बोलत नाही. रात्रपाळीचा आरएमओ, म्हणजे दवाखान्यात मुक्कामी असणारा डॉक्टर, आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो, छोट्या नर्सिंग होममध्ये हे नेहमीचे आहे. तो नुकताच लागलेला, पगार सुरू व्हायचा आहे. त्याला वाटते आपल्यालाच काही कळले नसेल, मोठ्या सरांना पेशंट जिवंत दिसत असेल. त्याची ही शंका फार उपयोगाची आहे. तिच्यावर दहा मिनिटे सहज निघतात आणि त्याला मूर्खही ठरवावे लागत नाही.

वेळ काढायला डॉक्टर नेहमीचा उपाय करतात, चिठ्ठी लिहितात. नातवाला मेडिकलवर पाठवतात. तो पळत जाऊन इंजेक्शने आणतो. मेडिकलच्या बिलावर तारीख, बॅच नंबर आणि वेळ छापलेली असते: २:४७. ईसीजीच्या पट्टीवर २:१०. हे दोन कागद ज्या दिवशी एकाच टेबलावर येतील त्या दिवशी डॉक्टर संपले. हे प्रेक्षकाला इथेच कळले पाहिजे, डॉक्टरांना बऱ्याच उशिरा. (ईसीजीची पट्टी थर्मल कागदाची असते, काही वर्षांत फिकी पडते, म्हणून जाणती सिस्टर तिची झेरॉक्स फायलीला लावते. मशीनचे घड्याळ पुढेमागे असणे हेही दवाखान्यात नवे नाही. दोन्ही गोष्टी कथानकाला कामी येतील, मात्र दोन्ही एकाच सिनेमात वापरू नयेत.)

देह मात्र कुणासाठी थांबत नाही. मरणानंतरची ताठरता आधी पापण्यांत आणि जबड्यात येते, मग मानेत, मग खाली उतरत जाते. आपल्या हवेत एक-दोन तासांत ती सुरू होते आणि बाराएक तासांत सगळा देह ताठतो. एसी जोरात असेल तर जरा उशीर. त्याच सुमारास रक्त पाठीकडे उतरून जांभळट डाग दिसू लागतात, आणि सहा ते बारा तासांत ते पक्के होतात. आजोबांच्या तोंडात श्वासनळीची नळी आहे. एरवी माणूस गेल्यावर सिस्टर पहिल्या तासातच सगळे आवरते: डोळे मिटवते, नळ्या काढते, हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर बांधते, पायाचे अंगठे जोडून बांधते. आज ते राहिले आहे. पहाटे साडेचारच्या सुमारास ती डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगते, “सर, आत्ता नळी काढली नाही तर तोंड असंच उघडं राहील. मुलगा बघणार आहे.”

या प्रसंगात कुणी भाषण देऊ नये. कायदा, नीती, पाप यांतला एकही शब्द नको. तीस माणसांसमोर जे डॉक्टरांना जमले नाही ते एका जबड्यासाठी करावे लागते, आणि तेही कमी त्रासाचे खोटे कुठले या हिशेबाने. ते बाहेर जाऊन म्हणतात, “साडेचारला गेले.” धीर देणारा माणूस शेवटी मरणाची वेळही धीराचीच सांगतो. ब्लॅक कॉमेडी म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला या चार ओळी दाखवाव्यात.

मग येतो नमुना ४. दवाखान्यात मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचा हा वैद्यकीय दाखला डॉक्टरने द्यायचा असतो. घरी मृत्यू झाला तर नमुना ४-अ. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो तात्काळ आणि एक पैसाही न घेता द्यायचा, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. पटकथा लिहिणाऱ्याने हा कागद एकदा समोर ठेवून सावकाश वाचावा. पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात: प्रत्यक्ष मृत्यूचे कारण, ते कशामुळे झाले, आणि त्याच्याही मुळाशी काय होते. प्रत्येक ओळीसमोर त्रास सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला याचा रकाना. दुसऱ्या भागात मरणाला हातभार लावणारे इतर आजार. ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहायला तिथे मनाई आहे, कारण ती मरणाची रीत झाली, कारण नव्हे. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. आपल्या डॉक्टरांना नेमके तेच लिहायचे आहे, त्या रात्रीचे तेवढे एकच वाक्य त्यांना निर्धास्तपणे खरे वाटते. आणि वर मृत्यूची तारीख आणि वेळ. पेन त्या रकान्यावर थांबते. क्लोज-अप घ्यायचा तो इथे.

असा नायक उभा राहायला तो आपल्या कामात पक्का आहे हे पहिल्या दहा मिनिटांत दिसले पाहिजे. त्यासाठी स्थळकाळाचे ज्ञान लागते. गोष्ट कोकणात घडत असेल तर विंचू घ्यावा. तांबड्या विंचवाच्या दंशाने माणूस घामाने न्हातो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी होते आणि धडधाकट पोरगा जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध त्यावर वापरून दाखवले आणि त्यांचे काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आपल्या नायकाने रात्री बॅटरीच्या उजेडात घामेजलेले कपाळ आणि गार तळवे बघून सलाईनच्या आधी ती गोळी मागवली, की प्रेक्षकाला कळते, या माणसाच्या हाती जीव द्यायला हरकत नाही. पुढच्या सगळ्या पडझडीचा भार या एका गोळीवर उभा राहतो.

दोष लहान असला तरी चालतो, फक्त तो उपकरणापर्यंत पोचला पाहिजे. समजा डॉक्टरांना स्वच्छतेचे वेड आहे. साप चावलेल्या पेशंटचे रक्त गोठते की नाही हे बघायची साधी चाचणी असते: दोन मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, नळी न हलवता वीस मिनिटे ठेवायची आणि मग एकदाच कलती करून बघायची. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल तर चांगले रक्तही गोठत नाही. आता आपल्या डॉक्टरांनी सगळ्या काचेच्या नळ्या रोज साबणाने लखलखीत धुवायची सक्ती केलेली आहे. धामण चावलेल्या माणसाचे रक्त गोठत नाही, डॉक्टर त्याला घोणसाचा दंश ठरवतात आणि प्रतिविषाच्या दहा कुप्या सुरू करतात. ते घोड्याच्या रक्तातून येते, त्याची रिअॅक्शन येऊ शकते, आणि मग बिनविषारी सापाचा पेशंट औषधाने अत्यवस्थ होतो. वीस मिनिटांची ती वाट, भिंतीवरचे घड्याळ, नळीकडे बघणारे सहा चेहरे आणि कोपऱ्यात घासून ठेवलेल्या चकचकीत नळ्यांची रांग: यातले काहीही संवादातून सांगावे लागत नाही.

हसे कुणाचे होते आहे, याचा हिशेब प्रत्येक पानावर ठेवावा. पेशंटचे दुखणे, त्याची बोली, त्याचे अडाणीपण यांवर हसू मागितले की सिनेमा तिथेच उतरतो. “डॉक्टर, सलाईन लावा, मग बरं वाटेल,” म्हणणाऱ्या बाईची चेष्टा फार झाली. त्यापेक्षा सलाईन लावणाऱ्याकडे कॅमेरा न्यावा. ५०० मिलिलिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, आणि बाकी पाणी. चार तासांत ती संपवायची तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. थेंब मोजणारे डॉक्टर, त्यांना माहीत असलेले ते साडेचार ग्रॅम, आणि बाईच्या चेहऱ्यावर खरोखर उतरलेला आराम. डॉक्टर स्वतःला काय समजावतात ते तिथे दिसते, आणि विनोद त्या समजावण्यात असतो.

कट प्रॅक्टिसबद्दल थोडक्यात. पेशंटला तपासणीला पाठवले की महिनाअखेर कमिशनचे पाकीट येते, हे आता सगळ्यांना माहीत आहे, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने ते निषिद्धही ठरवलेले आहे. पाकीट घेणारा दाखवून नवे काही सांगितले जात नाही. पाकीट परत पाठवणाऱ्या डॉक्टरकडे पुढच्या महिन्यापासून पेशंट कसे कमी होत जातात, हे मात्र क्वचितच कुणी लिहिते.

सरळ रेघ दिसताच छातीला शॉक देणारे प्रसंग कृपया थांबवावेत. सरळ रेघेला शॉक देत नाहीत. शॉक अव्यवस्थित थरथरणाऱ्या हृदयाला देतात, आणि तेव्हा पडद्यावर वेडीवाकडी रेघ असते. तसेच गुन्हा नोंदवताच डॉक्टरला बेड्या घालून नेणे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले की निष्काळजीपणाच्या तक्रारीवर पुढे जाण्याआधी तपास अधिकाऱ्याने दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घ्यावे आणि सरसकट अटक करू नये. ते मत देणारा डॉक्टर बहुतेक वेळा त्याच जिल्ह्यातला, कधी नायकाच्याच बॅचचा. विनोदाला ही जागा आयती मिळते. ग्राहक आयोगाचेही तसेच. वैद्यकीय सेवा १९९५ च्या निकालाने ग्राहक कायद्याखाली आली, पण तिथे कोर्टातल्यासारखी गर्जना नसते. शपथपत्रे, तारखा, फाइल आणि फाइलला टोचलेले कागद. नातेवाइकांनी कागद मागितले की दवाखान्याने ७२ तासांत द्यायचे असतात. ते ७२ तास म्हणजे या सिनेमाचा उत्तरार्ध: तक्त्याची तीनची रिकामी चौकट, २:१०, २:४७, साडेचार.

नातेवाईक दवाखाना फोडतात तो प्रसंगही जपून लिहावा. २०१० पासून महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. आपल्या गोष्टीत काच फुटलीच तर ती मेडिकलचे बिल नीट घडी करून खिशात ठेवणाऱ्या शांत नातवाच्या हातून फुटू नये. त्याने बिल जपावे. काच दुसऱ्या कुणीतरी फोडावी, ज्याला बिलाचे काही ठाऊक नाही.

शेवटी कामाची एक विनंती. प्रिस्क्रिप्शनवरचा नोंदणी क्रमांक आणि दवाखान्याच्या पाटीवरचे नाव खऱ्या कुणाचे निघत नाही ना, हे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदीशी ताडून बघावे. आणि पटकथा मोठ्या डॉक्टरांना दाखवण्याआधी आयसीयूत दहा वर्षे रात्रपाळी केलेल्या एखाद्या सिस्टरला वाचायला द्यावी. डॉक्टर राउंड घेऊन वर जातात, रात्रभर पेशंटजवळ ती असते. अलार्म किती वेळाने वाजतो, पट्टी कशी बांधतात, तीनच्या चौकटीत काय लिहायची वेळ येते, हे तिला विचारावे, तिच्या वेळेचे पैसे द्यावेत आणि श्रेयनामावलीत तिचे नाव घालावे.

आपला नम्र,
एक पटकथा सल्लागार, पुणे